थवा सोड, त्या एकट्याला बघ

तुझा मेसेज आणि अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर बघितलेल्या पक्ष्यांची लिस्ट मिळाली. लिस्ट मस्तच आहे, इतक्या सगळ्या तुताऱ्या (सँडपायपर) आणि चिखल्या (प्लव्हर) धड ओळखणं सोपं काम नाहीये. पण तू विचारलंयस की आता पुढे काय, तर पुढे हेच की थोडे दिवस लिस्ट करूच नको. एक पक्षी निवड आणि त्याच्याकडेच बघत बस, आणि तोही थव्यातला नको. तुझ्या फोटोत कडेला अर्धा कापला गेलाय ना, तो एकटाच उभा असलेला ग्रे प्लव्हर, तो घे. उडाला की काखेत काळा डाग दिसतो, त्यामुळे लांबूनही चुकायचा नाही.

वेळेचं आधी सांगतो. ॲपवर भरतीची वेळ मिनिटासकट मिळते, पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब लक्षात ठेव, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी साधारण नऊला, आणि अक्षीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन तुझ्या पाठीमागून येतं. पूर्ण ओहोटीला सगळे पार लांब पाण्याच्या कडेला असतात, त्यांच्यामागे चालत जायचं नाही, वर एक जागा धरून गप्प बसायचं, पाणी चढायला लागलं की थवा आपणहून तुझ्याकडे सरकत येतो. आणि तेव्हा बघ, काही पक्षी खाण्यासाठी किनाऱ्याचा एक तुकडा आपला म्हणून राखतात, असा हद्द धरून बसलेला पक्षी बरेचदा थव्याबरोबर सरकतच नाही, जागा बुडेपर्यंत तिथेच फिरत राहतो. पहिली खूण ही.

आता खाणं. चिखल्यांच्या कुळातले सगळे डोळ्यांनी शिकार करतात, डोळे मोठे, चोच आखूड, चार पावलं पळायचं, थांबायचं, टिपायचं. छोटे चिखल्या कधीकधी एक पाय पुढे करून ओल्या वाळूवर थरथरवतात, खालचा किडा हलला की टिपला, हे एकदा तरी नीट बघच. तुताऱ्यांचं उलटं, त्यांच्या चोचीच्या टोकालाच भरपूर संवेदना असते, न बघता चिखलात चोच खुपसत जातात. यावरून कोण कोणाच्या किती जवळ उभा राहणार ते बरंचसं ठरतं, कारण प्लव्हरला जो किडा हवा असतो तो वर आलेला असतो आणि शेजारी कोणी पाय आपटत गेला की तो बिळात आत. म्हणून प्लव्हरला शेजार नको असतो, आणि तुताऱ्या एकमेकींना खेटून मजेत खातात. खाणं आणि भांडण वेगवेगळ्या वहीत लिहिलंस तर यातलं काहीच कळणार नाही.

अर्थात एवढं सरळ नसतं. सँडरलिंग बघ, तुताऱ्यांपैकीच एक, लाटेमागे टोळीने पळणारा, पण कॅलिफोर्नियात बोडेगा बे इथे मायर्स नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तोही किनाऱ्याचा तुकडा राखतो, फक्त कधी राखायचा ते ठरलेलं असतं, खायला फारच कमी असेल तर राखून उपयोग नाही आणि भरपूर असेल तर इतके घुसखोर येतात की हाकलण्यातच दिवस जातो, म्हणजे मधल्या स्थितीतच परवडतं. १९७९ सालचं काम आहे. इंग्लंडात टीझ नदीच्या खाडीवर तर काही ग्रे प्लव्हर दरवर्षी हिवाळ्यात परत येऊन तोच तुकडा धरायचे. आर्क्टिकला जाऊन यायचं आणि चिखलाचा तोच पट्टा, कमाल आहे की नाही!

हद्द अशी दिसत नाही, दुसरा आत आला की दिसते. मालक मान खाली घालून, पाठ फुगवून धावत जातो, चोच लागेपर्यंत क्वचितच येतं. कधी दोघं समांतर चालत जातात, थांबतात, परत वळतात, ती रेघ म्हणजे सीमा. खडक, गाडलेले खांब असं जे हलत नाही ते कागदावर काढ आणि प्रत्येक झटापट तिथे खूण कर.

नोंद हाताने घेऊ नको, वहीत बघितलंस की पक्षी गेला. फोनवर बोलत रेकॉर्ड कर, पाच मिनिटं एकच पक्षी, "पळाला, थांबला, टिपलं, गिळलं", जे होईल ते. कंटाळवाणी पाच मिनिटंही पूर्ण कर, कारण काहीतरी घडल्यावरच लिहायचं म्हटलं की वहीत नुसती भांडणंच भरतात. बाबून माकडांवर काम करणाऱ्या जीन ऑल्टमनने १९७४ मध्येच हे बजावून ठेवलंय, आपण अजून ऐकत नाही. कुत्रं आलं, गाडी वाळूवरून गेली, तेही बोल. तो खाणं सोडून मान वर करून बघत राहिला तर तू फार जवळ आहेस, मागे ये. आणि खाडीच्या चिखलात उतरायचं नाही, शिवडी असो की ऐरोली, कितीही घट्ट दिसला तरी.

पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली अक्षरांची पट्टी, दिसला तर अक्षरं वाचायचा प्रयत्न कर आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळव.

पहिल्या काही रेकॉर्डिंग मला पाठव, फोटो नसले तरी चालेल, फक्त प्रत्येकाच्या सुरुवातीला पाणी कुठपर्यंत आहे ते आधी सांग.