भाताचा जीनोम वाचून झाला, मग आता पैसा कशाला?

प्रश्न : भाताचा जीनोम २००५ मध्येच पूर्ण उलगडला, असं वाचलं होतं. बियाणे कंपन्यांकडेही आता अद्ययावत प्रयोगशाळा आहेत. मग पिकांच्या जीनोम संशोधनावर सरकारांनी करदात्यांचा पैसा अजून का घालायचा?

उत्तर : भाताचं उदाहरण घेतलंत हे बरं झालं. माझी सगळी उमेदीची वर्षं भातातच गेली.

२००५ मध्ये वाचून झाला तो निप्पोनबारे या एका जपानी वाणाचा जीनोम. म्हणजे त्याच्या डीएनएतली सगळी माहिती, सुमारे ३९ कोटी अक्षरांची. जपानच्या पुढाकाराने १९९८ मध्ये सुरू झालेलं हे काम दहा देशांच्या प्रयोगशाळांनी वाटून घेतलं. भारताकडे ११व्या गुणसूत्राचा काही भाग होता. माहिती सगळ्यांसाठी खुली. फार मोठं काम होतं ते, पण एकाच वाणाचं.

पुरात भाताला तगवणारं सब१ए हे जनुक या निप्पोनबारेत नाहीच. ते सापडलं एफआर१३ए मध्ये, ओडिशातल्या एका जुन्या स्थानिक भातातून निवडलेल्या वाणात. एरवी भात पाण्याखाली गेला की हवेसाठी धडपडत उंच वाढायला लागतो, त्यात साठवलेली साखर संपवतो आणि पाणी ओसरल्यावर आडवा होतो. सब१ए असलेलं रोप वाढ आवरून बसतं. दोनेक आठवडे बुडालेलं रोप पाणी उतरल्यावर पुन्हा फुटवे धरतं, हे मी चाचणीच्या टाकीपाशी उभी राहून पाहिलंय. पानं पिवळी, चिखलाने माखलेली, आणि मधोमध एक हिरवं टोक.

पुराला टिकण्याचा हा गुण ९व्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ मध्ये कळलं, नेमकं जनुक २००६ मध्ये हाती आलं आणि स्वर्णा या लोकप्रिय वाणात ते आणून तयार केलेला स्वर्णा-सब१ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. ही तेरा वर्षं सार्वजनिक पैशावर चाललेल्या संस्थांनी काढली. मधल्या काळात विकण्याजोगं काहीच नव्हतं. शिवाय भात स्वपरागित पीक, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारं, त्यामुळे शेतकरी घरचंच बी पुढच्या हंगामाला ठेवतो. मग कंपनीचा पैसा वसूल कुठून होणार? तो मक्यासारख्या, दर हंगामाला नव्याने विकत घ्याव्या लागणाऱ्या संकरित बियाण्याकडेच वळणार. यात मी कंपन्यांना दोष देत नाही.

आणि खर्च फक्त यंत्रांवर होतो असंही समजू नका. २०१४ मध्ये ८९ देशांतल्या ३,००० भातवाणांचे अनुक्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचे क्रम, खुले झाले. ते शक्य झालं, कारण या वाणांचं बी जनुकपेढ्यांमध्ये कित्येक वर्षं कुणीतरी थंड आणि कोरडं ठेवलं होतं.

हे मी पोटतिडकीने लिहितेय, त्याला कारण आहे. दोन वाणांचा संकर करून त्यातून मी १८० ओळी, म्हणजे एकेका रोपापासून निघालेले वेगवेगळे वंश, पुढे नेत होते. प्रत्येक रोपाचं एकच बी घ्यायचं, पुन्हा पेरायचं, असं सात-आठ पिढ्या. तेव्हा कुठे प्रत्येक ओळ स्थिर होते आणि कुठल्या गुणाचं जनुक कुठे आहे ते शोधता येतं. पाचव्या पिढीला निधीचा हप्ता अडकला. अकरा महिने. दोन्ही सहाय्यक गेले, शीतकपाट बिघडलं ते दुरुस्त करायला पैसे नव्हते, आणि पावसाळाभर पाकिटं दमट खोलीत पडून राहिली. पैसे आल्यावर टिपकागद ओला करून बिया मांडल्या. आठ दिवस रोज झाकण उघडून बघत होते. २७ ओळींमध्ये एकालाही मोड आला नाही.

अनुक्रम वाचणं तेव्हापेक्षा आता खूप स्वस्त झालंय. पण त्या २७ ओळी कुठे विकत मिळत नाहीत. त्याच आई-बापांचा पुन्हा संकर केला, तरी गुणसूत्रं त्याच जागी तुटून तशीच जुळत नाहीत.