वाचकांचे प्रश्न : सासूसासरे नव्वद दिवसांसाठी येत आहेत

प्रश्न : आम्ही दोघे चार वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरी करतो; घर दोन खोल्यांचे आहे आणि मुलगी पाच वर्षांची. येत्या मे महिन्यात सासूसासरे प्रथमच येत आहेत. येणे होतेच आहे तर व्हिसा देईल तितके, म्हणजे पूर्ण ९० दिवस त्यांनी राहावे, अशी यजमानांची इच्छा आहे. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. गेल्या वर्षी माझे आईवडील आले होते, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात आई म्हणाली, "सगळे छान आहे गं, पण खिडकीपाशी बसून बसणार तरी किती?" या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, म्युनिक

उत्तर : सर्वांत आधी मुक्काम किती दिवसांचा, हे ठरवा आणि ते ९० दिवसांपेक्षा कमी ठरवा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) नियम कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस असा आहे; येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरला जातो. नियमाने परवानगी दिली म्हणून तेवढे राहिलेच पाहिजे असे मात्र नाही. दोन खोल्यांच्या घरात, दोघेही दिवसभर बाहेर असताना, सहा ते सात आठवडे हा मला सुखाचा मुक्काम वाटतो. यजमानांना हे पटवणे अवघड जाईल, कारण आईवडिलांना 'लवकर परत पाठवले' असे म्हणवून घेणे कोणत्याच मुलाला आवडत नाही. तेव्हा हा निर्णय तिकिटे काढण्यापूर्वी त्यांनीच फोनवर आईवडिलांशी बोलून घ्यावा, तुम्ही नव्हे.

कागदपत्रांत दोन गोष्टी महत्त्वाच्या. तुम्ही त्यांच्या खर्चाची लेखी हमी देणार असाल (जर्मन भाषेतला तो शब्द मालगाडीएवढा लांब आहे), तर त्या सहीत उपचारांच्या खर्चाची जबाबदारीही येते, हे लक्षात ठेवून सही करा. दुसरी गोष्ट विम्याची. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, पण अनेक स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासून असलेले आजार वगळलेले असतात. सासऱ्यांचा मधुमेह असा वगळला गेला आहे का, हे पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत वाचून पाहा आणि थोडा जास्त हप्ता पडला तरी चालेल, पण त्यांना संरक्षण देणारीच पॉलिसी घ्या. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथल्या औषधांच्या दुकानात गोळ्या मिळत नाहीत, म्हणून पूर्ण मुक्कामाच्या आणि वर दोन आठवड्यांच्या गोळ्या त्यांनी हातातल्या बॅगेत आणाव्यात. सोबत औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र असावे, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावे तिथे कोणी ओळखत नाही. फ्रिजवर दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : जिवावरचे असेल तर ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

आता खिडकीविषयी. तुमच्या आईला कंटाळा आला तो प्रेक्षणीय स्थळे कमी पडली म्हणून नव्हे, तर तुमच्यावाचून त्यांना दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हते म्हणून, असा माझा अंदाज आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात जो माणूस रोज सकाळी स्वतः भाजी आणतो, बँकेत जातो, कट्ट्यावर बसतो, त्याला म्युनिकला आल्यावर एकदम लहान मूल व्हावे लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाने रजा काढावी आणि ती नॉयश्वानश्टाइनचा किल्ला दाखवण्यात न घालवता एक बेकरी, एक भाजीचे दुकान, एक बाग आणि एक ट्रॅम एवढ्याच चार गोष्टी रोज त्याच वाटेने जाऊन अंगवळणी पाडण्यात घालवावी. घराची स्वतंत्र किल्ली, चालू फोन, तुमचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणि महिन्याचा पास ताब्यात द्या. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत फाटके नसतात, त्यामुळे तिकीट लागतच नाही असा समज सहज होतो आणि तपासनीस आला की ६० युरो भरावे लागतात. काही रोख रक्कमही हातात द्या. सासूबाई प्रत्येक टोमॅटोची किंमत रुपयांत मोजतील, मोजू द्या.

रविवारी दुकाने बंद असतात आणि इमारतीत शांतता पाळावी लागते, हे आल्याबरोबर सांगा, म्हणजे चटणी शनिवारीच वाटली जाईल. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. सासूबाईंची दिवेलागण आणि सासऱ्यांची जेवणाची वेळ यांचा मेळ घड्याळाकडे पाहूनच बसवावा लागेल. त्यांची रात्री आठची मालिका मात्र तिथे दुपारी साडेचारला लागते, आणि ती वेळ मोकळी ठेवणे कोणत्याही सहलीपेक्षा शहाणपणाचे ठरेल.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही, पण भांडण बहुधा तिथेच होईल. आठवड्यातले तीन दिवस ते पूर्णपणे सासूबाईंचे, असे आधीच बोलून ठेवा आणि त्या दिवशी मिठाचा डबा कुठे गेला हे विचारू नका. शेगडी इंडक्शनची असेल तर त्यांचा अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालणार नाही, तो आणू नये.

प्रश्न : आई येताना साजूक तूप, कंदी पेढे आणि आंबे आणणार म्हणते. आणू द्यावे का? — एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : नाही. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणण्यास बंदी आहे. तूप आणि पेढे त्यात येतात. आंबे आणि ताजा कढीलिंब यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, जे प्रवाशाजवळ सहसा नसते. नारळ मात्र चालतो. गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, कुरडया, पापड आणि लोणचे आनंदाने येऊ द्या. लोणच्याची बाटली दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत ठेवायला सांगा. तुपासाठी आईंना तिथल्या दुकानातले बिनमिठाचे लोणी आणून द्या. ते कढवून त्या स्वतःच रवाळ तूप करतील.