लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड करताना मागे सतत गुणगुण येते, ती कशी घालवायची?

आधी चार्जर काढा आणि बॅटरीवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका. गुणगुण गेली, तर माईक ठीक आहे. आवाज विजेच्या लाइनीतून येतोय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो घुमणारा सूर ५० आणि त्याच्या पटीत, १००, १५० हर्ट्झवर ऐकू येतो. लॅपटॉप, ऑडिओ मिक्सर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसू शकतो.

चार्जर काढूनही बारीक 'सूंऽऽ' राहिलं, तर माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणा आणि गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती सेटिंग, कमी करा. यात एक पैसाही लागत नाही, तरी लोक नेमकं हेच करत नाहीत! पंखा बंदच हवा.

उरलेला आवाज ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा, तेवढाच तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'मध्ये नॉइज प्रोफाइल (नुसत्या गुणगुणीचा नमुना) घ्या, मग पूर्ण ट्रॅकला इफेक्ट लावा. आवाज किती कमी करायचा ते ६ डेसिबलपासून सुरू करा. १२च्या फार पुढे गेलात तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं.