‘कशावरच विश्वास ठेवत नाही’ हे धोरण बरोबर आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढारी थापा मारतात, मोबाईलवर येणारे आरोग्याचे सल्ले खोटे निघतात, एआयमुळे आता डोळ्यांनी पाहिलेलाही व्हिडिओ खरा मानता येत नाही, म्हणून मी कशावरच विश्वास ठेवणं सोडून दिलंय, यात काही चुकतंय का?

चुकतंय, असं मला मनापासून वाटतं. दापोली तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. तुमचं हे वाक्य मी काउंटरवर नेहमी ऐकते. आणि ते म्हणणाऱ्याच्या पिशवीत बऱ्याचदा कसल्या तरी भुकटीचा डबा असतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पलीकडच्या वाडीतले एक काका, सुपारीची बाग आहे त्यांची, दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या न्यायचे. तीन महिने फिरकलेच नाहीत. आले ते मलम मागायला. म्हणाले, ‘‘चिखल्या झाल्यात ताई, भातलावणीत पाय सतत पाण्यात.’’ मी बाहेर येऊन पाय बघितला. अंगठ्याची कड काळपट पडलेली, वास येत होता. ‘‘दुखतं का?’’ विचारलं, तर म्हणाले अजिबात नाही. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. एवढी जखम आणि दुखत नाही, म्हणजे पायाची जाणीवच गेलेली. बोटाला सुई टोचून साखर बघितली, ३८६, म्हणजे खूपच वाढलेली.

गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांनी फोन काढून व्हिडिओ दाखवला. नावाजलेले एक डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून सांगतायत की ही भुकटी नव्वद दिवस घ्या, साखर मुळापासून जाईल. मी दोनदा बघितला. ओठ आणि शब्द किंचित मागेपुढे होत होते. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा, बोलणं भलत्याचंच. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरला स्वतः जाहीर करावं लागलं होतं की गेमिंग ॲपच्या जाहिरातीतला आपला व्हिडिओ बनावट आहे. ते मी काकांना सांगितलं. ते नुसते बघत राहिले.

काका भोळे नाहीत. सुपारीच्या व्यापाऱ्याला काट्यावर अर्धा किलोही मारू देत नाहीत. मग फसले कसे? त्या व्हिडिओची सुरुवातच अशी होती: डॉक्टर लुटतात, कंपन्या लुटतात, सरकार लपवतं, कोणावर विश्वास ठेवू नका. काकांना ते पटलं, कारण त्यात थोडं खरंही आहे. एकदा सगळ्यांवरचा विश्वास उडाला की जो सगळ्यात शेवटी बोलतो, तोच उरतो. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण हे माहीत असायलाही कायद्यावर थोडा तरी विश्वास लागतो.

मग विश्वास ठेवायचा कशावर? माझी कसोटी एकच आहे: कोणी मोजलं का?

विंचवाचंच बघा. माझ्या लहानपणी आमच्याकडे विंचू चावला की उतरवणाऱ्याकडे नेत. तो मंत्र म्हणायचा, पाला चोळायचा, आणि बहुतेक माणसं बरी व्हायची. ती बरी होणारच होती. काळ्या इंगळीच्या दंशाने जीव कासावीस होतो, पण सहसा जात नाही. लाल विंचू मात्र वेगळा. दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब वर चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. असा एखादा गेला की लोक म्हणत, वेळ भरली होती. उतरवणाऱ्याकडे बरे झालेल्यांचीच गोष्ट असे, गेलेल्यांची नोंद कुठेच नसे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि त्यांनी हे रुग्ण लिहून ठेवायला सुरुवात केली. कोणाला घाम आला, नाडी किती, रक्तदाब किती, कोण कधी गेलं. गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावत होते. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पण मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. २०११ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. महाडच्या सत्तर रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती प्राझोसिन दिली, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस, म्हणजे विषावरचं इंजेक्शन. दहा तासांत दुसऱ्या गटातले ३५ पैकी ३२ बरे झाले, पहिल्यातले फक्त ८. म्हणजे ज्या गोळीने त्यांचं नाव झालं, ती एकटी कमी पडते हे त्यांनीच मोजलं आणि त्यांनीच छापलं. भुकटी विकणारा असं कधी करेल का? ज्याला आपलं चुकलेलं शोधायचं असतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

तंत्रज्ञानाचंही तेच. २०२० साली निसर्ग वादळ येणार असं हवामान खात्याने सांगितलं तेव्हा आमच्या वाडीत निम्मे लोक म्हणाले, ‘‘दरवर्षीच सांगतात.’’ पण त्या इशाऱ्यात दिवस होता, किनारपट्टी होती, वाऱ्याचा वेग होता. म्हणजे खोटं ठरलं असतं तर चोवीस तासांत उघडं पडलं असतं. इतकं नेमकं बोलणाऱ्याचं मी ऐकते. आदल्या संध्याकाळी दुकानातलं सगळं इन्सुलिन फडक्यात गुंडाळून, बर्फ थेट लागू नये असं, थर्मासमध्ये भरलं. ३ जूनला दुपारी आमच्या डोळ्यांदेखत नारळ आडवे झाले, कौलं पानांसारखी उडाली. वीज बावीस दिवसांनी आली. बर्फ संपल्यावर ओल्या वाळूत माठ पुरला आणि त्यात कुप्या ठेवल्या. त्यावर तीन गावांतल्या माणसांचे दिवस निघाले. फोनचे टॉवर बंद असल्यामुळे कोणालाच काही विचारता येत नव्हतं. जे आधी ऐकलं होतं तेवढंच कामाला आलं.

राजकारणाबद्दल फार लिहीत नाही, पण तिथेही भाषण सोडून द्यावं आणि तारीख धरावी. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून ‘या गणपतीआधी’ किती वेळा ऐकलं, आणि सरकारं सगळ्या पक्षांची आली. दुकानाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी प्रत्येक तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहिते. मतदानाच्या आदल्या दिवशी ते पान काढते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या, म्हणजे रिफायनरीच्या वादात, आधी नाणार मग बारसू, दोन्ही बाजूंचे मेसेज यायचे. एकात लाखभर नोकऱ्या, दुसऱ्यात आंबाच संपणार. मी दोन्हींच्या आकड्यांवर विसंबले नाही. भावाला घेऊन एक रविवार लोटे परशुरामला गेले. रासायनिक वसाहत तिथे कित्येक वर्षं आहे. कामाला जाणारे तरुणही भेटले आणि दाभोळच्या खाडीत मेलेले मासे तरंगतात म्हणून वर्षानुवर्षं तक्रार करणारे मच्छीमारही. कोणत्याही मेसेजपेक्षा त्या एका दिवसात जास्त कळलं.

तेव्हा संशय जरूर घ्या, पण तो घेऊन घरी बसू नका, विचारायला जा. किती जणांना दिलं, किती बरे झाले, न झालेल्यांचं काय, चुकलात तर कळणार कसं? उत्तर देणारी माणसं आहेत, थोडी आहेत, पण आहेत.

काकांचा अंगठा काढावा लागला, पाय वाचला. आता ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकटीत साखर लिहितात आणि महिना संपला की ते पान फाडून दुकानात घेऊन येतात. मागच्या पानावर चार चौकटी रिकाम्या होत्या. मी विचारायच्या आतच म्हणाले, ‘‘मुलीकडे गेलो होतो, मशीन घरी राहिलं. उगाच आकडा कशाला भरू?’’