वाचक विचारतात : खंजेरीची चामडी, गरब्याची पावलं, तारप्याचं मेण

नवरात्र तोंडावर असल्यामुळे या महिन्यात ठेक्याचे प्रश्न जास्त आले. पण सुरुवात एका जुन्या दुखण्यापासून करू.

आमच्या भजनी मंडळाच्या चार खंजेऱ्या पावसाळ्यात भद्द वाजतात आणि मे महिन्यात टिनाच्या डब्यासारख्या. गॅसवर शेकली तर एकीची चामडी कडेनं फाटली. एक जण घोरपडीची चामडी मढवून देतो म्हणतो. काहून नाही घ्यायची?
— एक वाचक, महाल

घोरपडीचं आधी सांगतो, कारण तिथे चर्चेला जागा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. तिची चामडी विकणं, घेणं, जवळ ठेवणं हा गुन्हा आहे आणि कैद किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. 'जुनी आहे, घरातलीच आहे' असं म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. बकऱ्याच्या चामडीवर भजनाचं काम उत्तम होतं, फक्त ती कोवळ्या जनावराची आणि पातळ हवी. मढवताना एक गोष्ट समोर उभं राहून बघा. पाठीच्या कण्यावरची चामडी जाड असते. ती रेघ आलीच तर कड्याच्या बरोबर मधून जाऊ द्या. एका बाजूला सरकली की अर्धी खंजेरी एका सुरात बोलते, अर्धी दुसऱ्या.

आता फाटण्याचं कारण. चामडी दमट असताना ६०-६५ अंशांच्या आसपास आकसते आणि गार झाल्यावर पूर्ववत होत नाही. गॅसची ज्योत कडेला त्याच्या कितीतरी वर जाते. तिथली चामडी कडक होते, मधली मऊ राहते, आणि जोराची थाप पडली की नेमकी त्या सीमेवर चीर जाते. पावसाळ्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब वापरा. एलईडी कामाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. खंजेरी दोन वितींवर धरून फिरवत राहा आणि चामडीला मधून मधून बोट लावून बघा. बोटाला चटका बसला म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालं.

उन्हाळ्यात उलट करा. आतल्या बाजूनं दोन-तीन थेंब पाणी बोटानं सगळीकडे सारखं पसरा आणि पाच मिनिटं थांबा. लगेच वाजवून 'अजून चढीच आहे' म्हणत आणखी पाणी लावणं ही नेहमीची चूक. पाणी मुरायला वेळ लागतो, आणि जास्त झालं तर हरिपाठ संपेपर्यंत ती उठत नाही. चारही खंजेऱ्या कूलरच्या झोतात टांगलेल्या असतील तर आजच काढा. कूलर सुरू असताना दमट, बंद झाला की कोरडीठाक हवा; हा रोजचा ताण नागपुरात चामड्याच्या वाद्यांना उन्हापेक्षा जास्त खातो.

हलगी आणि डफ एकच का?
— उमरेड रोड

नाही. हलगी लहान असते आणि दोन काठ्यांनी वाजते : उजव्या हातात आखूड, जाड टिपरू, डाव्या हातात लांब, पातळ काडी. डफ मोठा; त्यावर उजव्या हाताची थाप पडते आणि डाव्या हाताच्या बोटांतली काडी मधल्या जागा भरते. हलगीचा तीक्ष्ण आवाज गाणाऱ्याच्या वर चढतो, म्हणून ती मिरवणुकीत आणि कुस्तीच्या फडात शोभते. शाहिराला स्वतःचे शब्द ऐकू जायला हवे असतात, त्याला डफच बरा.

सोसायटीच्या गरब्यात काही गाण्यांना पावलं बसतात, काहींना मध्येच सुटतात आणि थोड्या वेळानं आपोआप पुन्हा जुळतात. असं का? भांगड्यालाही हीच पावलं चालतील का?
— महिला मंडळ, मनीष नगर

'आपोआप पुन्हा जुळतात' हे तुम्ही अचूक टिपलंत, उत्तर त्यातच आहे. तुमची पावलं आठ मात्रांची (मोजायच्या ठोक्यांची) आहेत आणि ते गाणं सहा मात्रांचं. सहा आणि आठ २४ व्या मात्रेला एकत्र संपतात : तेवढ्यात गाण्याची चार आवर्तनं होतात, पायांची तीन. म्हणून क्षणभर सगळं बरोबर वाटतं आणि लगेच पुन्हा बिघडतं.

गरब्यातला हींच हा ठेका सहाचा. दांडिया बहुतेक वेळा केरव्यात, म्हणजे आठात. ओळखायला गाणं सुरू झालं की उभ्यानंच टाळी देत तोंडानं 'धा धी ना, धा ती ना' म्हणा. बसलं तर सहा. नाही बसलं तर 'धा गे न ति, न क धि न' म्हणून बघा. सहाच्या गाण्यात पाऊल पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाका, उरलेल्या मात्रा अंगाच्या झोक्यात जाऊ द्या. आठच्या गाण्यात एक, तीन, पाच, सात. नॉनस्टॉप मिक्समध्ये सहातून आठात उडी न सांगता येते, तेव्हा डीजेकडून सहाची आणि आठची गाणी वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावून घ्या. दोन टाळ्यांचा आणि तीन टाळ्यांचा गरबा एकाच रिंगणात मिसळू नका. टाळी चुकली की पाऊलही जातं.

भांगडाही आठचाच, पण मात्रा सारख्या अंतरावर पडत नाहीत. जोडीतली पहिली लांब, दुसरी आखूड. ढोलाच्या जाड तोंडावर डग्गा ही वाकडी काठी आणि पातळ तोंडावर तिल्ली ही वेताची काडी पडते. तिल्लीकडे कान ठेवला तर ती लचक कळते. गरब्याची सरळ पावलं त्यावर कोरडी दिसतील.

शाळेच्या लेझीम पथकात चाळीस मुलं आहेत. समोरच्या ओळी बरोबर, मागच्या नेहमी उशिरा. मुलं लक्ष देत नाहीत का?
— क्रीडा शिक्षक, हिंगणा

मुलांना बोल लावू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हलगी समोर आणि शेवटची ओळ ३४ मीटरवर असेल तर तिला ठेका सेकंदाच्या एक दशांशानं उशिरा ऐकू येतो. हलगी पथकाच्या मधोमध उभी करा, आणि मागच्या ओळींना कानावर नव्हे, पुढच्याच्या खांद्यावर चालायला शिकवा.

दुसरं कारण लेझमीतच आहे. चकत्या वाजतात त्या हालचालीच्या शेवटी, साखळी ताणली गेल्यावर. ठेका ऐकून मग हात हलवणाऱ्याचा आवाज उशिराच येणार. पहिले काही दिवस लेझीम खाली ठेवून नुसते हात आणि पाय पक्के करा, मग फक्त उघडण्याचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी बंद करण्याचा. गंजलेली साखळी अडकते, तिला तेलाचा थेंब पुरे.

ढोलकीच्या शाईचा टवका उडाला. फेविकॉलनं बसवू का?
— सक्करदरा

नको. शाईत, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या लेपात, केसासारख्या बारीक भेगा असतात आणि त्या असायलाच हव्यात. त्यांच्यामुळे लेप चामड्याबरोबर लवतो. गोंदानं तो भाग एकसंध आणि ताठ होतो, सूर मरतो आणि शेजारचा टवका लवकर निघतो. पान, म्हणजे तोंडावरची चामडी, काढून शाई नव्यानं भरून घ्या. कड्या सरकवून सूर चढवताना समोरासमोरच्या जोडीनं, थोड्या थोड्या सरकवा. आणि कार्यक्रम संपला की ढोलकीचा ताण उतरवून ठेवा. चढवलेली ढोलकी एप्रिलमध्ये खोळीत घालून विसरलात तर कोरड्या हवेनं आणखी आवळलेली पानं दुपारीच फुटतात.

बाजारातल्या दुधी भोपळ्याचा तारपा होतो का?
— आठवीतली वाचक, उमरेड

भाजीचा कोवळा भोपळा सडतो. वेलीवरच पिकून कडक झालेला, टणक सालीचा लागतो, आणि तो पूर्ण वाळायला काही आठवडे जातात. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. पालघरकडच्या वारली वस्त्यांत त्यासाठी भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या बसवतात, नळ्यांत जिभल्या (हवेनं थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या) असतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणानं बंद करतात. तुमची अडचण इथेच येईल. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण पस्तीस अंशांनाच मऊ पडू लागतं. उमरेडच्या मे महिन्यात सांध्यातून हवा गळेल. हे काम हिवाळ्यात करा.

तारपा श्वास न तोडता वाजवतात : गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकानं नवी घ्यायची. भोपळा वाळेपर्यंत पेल्यात पाणी आणि एक स्ट्रॉ घे. श्वास घेतानाही बुडबुडे थांबले नाहीत, की तुझा निम्मा तारपा तयार.