पेंगणारी तलंग, ओली भुशी आणि तिसऱ्यांचे शिंपले

श्रावणात गोव्यातील अनेक घरांत मांसाहार वर्ज्य असल्याने परसातील कोंबड्यांना महिनाभर अभय मिळते. त्यामुळे खुराड्यातील गर्दी नेमकी याच दिवसांत वाढते, आणि बाहेर पाऊस उसंत घेत नसतो. या वेळी आलेली बहुतेक पत्रे आजारी पक्ष्यांविषयीच असावीत, हे त्या मानाने साहजिकच आहे.

प्रश्न : आमच्याकडे बारा गावठी कोंबड्या आहेत. त्यांतील एक तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, चार दिवसांपासून पिसे फुगवून कोपऱ्यात पेंगत बसते, काही खात नाही आणि तिची शीट हिरवी झाली आहे. सासूबाईंनी हळद आणि लसूण भरवून पाहिला. मी वाटीने चोचीत पाणी ओतले, तर ती घुसमटली. ही मानमोडी असेल का, आणि तिची शुश्रूषा कशी करावी?
– एक वाचक भगिनी, वाळपई

उत्तर : प्रथम चोचीत पाणी ओतणे थांबवावे. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. मान मागे वाकवून ओतलेले पाणी सहज त्यात शिरते, आणि आजारातून कदाचित वाचली असती अशी कोंबडी आपल्याच हातून दगावते. तिला जुन्या पंचात सैल गुंडाळून मांडीवर नेहमीच्या बैठकीत धरावे आणि ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावावा. तो तिने स्वतः गिळल्यानंतरच दुसरा द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण घाई करायची असेल तर ते न केलेले बरे.

हिरवी शीट दिसली की वाड्यावर लगेच मानमोडीचे नाव घेतले जाते. वास्तविक दोन दिवस उपाशी राहिलेल्या कोणत्याही कोंबडीची शीट पित्तामुळे हिरवीच पडते. मान पिळवटणे, पंख किंवा पाय लुळा पडणे, चोच उघडून धापा टाकणे आणि मुख्य म्हणजे एकीमागून एक कोंबडी आजारी पडणे, या खुणा एकत्र दिसल्या तर मात्र मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, दाट शंका घ्यावी. कुमाऊंमधील राणीखेत गावावरून नाव पडलेला हा रोग विषाणूजन्य असून त्यावर औषध नाही, लस मात्र आहे. आपल्या पत्रावरून चार दिवसांत दुसरी कोंबडी आजारी पडलेली दिसत नाही. ही आशेची बाजू आहे. तरीही दुसरा काही उलगडा होईपर्यंत संसर्गजन्य रोग आहे असे धरूनच वागावे.

म्हणजे काय, तर तिला खुराड्यापासून दूर, शक्यतो खुराड्यावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा टोपलीत ठेवावे, निरोगी कोंबड्यांचे सर्व काम आटोपल्यावरच तिच्याकडे जावे आणि तिच्यासाठी चपला व भांडी वेगळी ठेवावीत. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते, आणि उपाशी पक्ष्याला ते टिकवणे जड जाते. म्हणून खोक्याच्या एकाच बाजूला साधा पिवळा बल्ब टांगावा, म्हणजे उकडल्यास ती दुसऱ्या बाजूला सरकू शकेल. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते एक-दोन दिवसच द्यावे; शेजारी साधे पाणीही असावे. खाण्यासाठी उकड्या तांदळाची मऊ पेज आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक यांहून चांगले पथ्य मला ठाऊक नाही. हळदीने वा लसणीने अपाय होईल असे नाही, परंतु त्या भरवशावर तीन दिवस जातात आणि कोंबडीच्या हिशेबात तीन दिवस फार असतात.

तिला हातात घेतलेच आहे, तर छातीचे मधले हाड चाचपून पाहावे. ते सुरीच्या धारेसारखे टोचत असेल, तर आजार चार दिवसांचा नसून कित्येक आठवड्यांचा आहे. अशा वेळी जंतांचा संशय प्रथम घ्यावा. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी दाणा टाकण्यापूर्वी रिकामी असायला हवी. ती त्या वेळीही टणक भरलेली असेल, तर काहीतरी अडकले आहे. पिठासारखी मऊ असून चोचीला आंबूस वास येत असेल, तर आतले अन्न आंबले आहे. अशा कोंबडीला उलटे धरून पिशवी रिकामी करण्याचा प्रयोग घरी करू नये. पाण्याबद्दल जे सांगितले तोच धोका येथेही आहे. दोन दिवसांत उतार पडला नाही, तर ताजी शीट कागदात घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. दुर्दैवाने कोंबडी मेलीच, तर ती बर्फात घालून त्याच दिवशी तेथे न्यावी. फ्रीजरमध्ये गोठवू नये. गोठलेल्या शरीराची तपासणी नीट होत नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर सहा कोंबड्या आणल्या आहेत. रोज नेमके काय करावे आणि त्याला किती वेळ लागतो?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : हाताने करायच्या कामाला अर्धा तास पुरतो. पाहण्याला मात्र वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि तोच बहुतेक लोक देत नाहीत. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळी दिसणारी कोंबडी टोचून काढली जाते. आपल्या लक्षात येते तेव्हा ती बरेच सोसून झालेली असते. म्हणून सकाळी खुराड्याचे दार उघडून लगेच दाणा टाकू नये. दोन मिनिटे उभे राहून कोण उशिरा बाहेर येते, कोण लंगडते आणि तुरा कोणाचा फिकट आहे हे पाहावे. मग दांडीखालची रात्रीची शीट पाहावी. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली शीट निरोगी पक्ष्याची. मधूनच पडणारी चॉकलेटी, चिकट आणि घाण वासाची शीटही निरोगीच असते, तिच्यामुळे नवखे पाळणारे उगाच घाबरतात.

पाण्याचे भांडे रोज घासावे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरपर्यंत पाणी पिते, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कितीतरी जास्त. दाणा दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम लागतो. परसात किडे-गवत मिळत असेल तर कमी चालतो. पोदेराकडचा शिळा पाव पुष्कळ जण घालतात, त्याला हरकत नाही. पण बुरशी आलेला पाव किंवा पावसाळ्यात कुबट झालेली खोबऱ्याची पेंड कधीही घालू नये, बुरशीचे विष यकृतात उतरते. सुक्या बांगड्यांची खारट उष्टावळही टाळावी, कारण मीठ कोंबड्यांना फार लवकर बाधते. एका कोपऱ्यात पत्र्याखाली कोरडी माती आणि चुलीतली राख ठेवावी. त्यात लोळून त्या आपल्या अंगावरच्या उवा स्वतःच कमी करतात.

संध्याकाळी मोजूनच दार लावावे. मुंगसाला तीन बोटांची फट पुरते, आणि ते एकच कोंबडी मारून थांबेल याची खात्री नसते. पुढे नवीन कोंबड्या आणल्यास तीन आठवडे वेगळ्या डालून ठेवाव्यात. बाजारातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी जुन्यांत सोडणे हे परसात रोग शिरण्याचे सर्वांत सोपे दार आहे.

प्रश्न : महिन्याभराच्या पिलांच्या शिटेत रक्त दिसते. तीन पिले दगावली.
– एक वाचक, साखळी

उत्तर : ही रक्ती हगवण असण्याचा संभव फार आहे. तिचे परजीवी ओल्या, उबदार भुशीत वाढतात, त्यामुळे आपल्याकडे जून ते सप्टेंबर हाच तिचा हंगाम असतो. पशुवैद्यांकडून आजच अँप्रोलियम घ्यावे आणि ते सांगतील त्या प्रमाणात पाण्यातून द्यावे. हे औषध परजीवीला जीवनसत्त्व ब-१ मिळू न देऊन काम करते, म्हणून त्याच वेळी सोबत ब-१ असलेले टॉनिक देऊ नये. तसे केल्यास एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. औषध चालू असतानाच भुशी बदलली नाही, तर पिले पुन्हा त्याच शिटेत चोच घालतील. ओला थर पूर्ण काढून कोरडा भाताचा तूस पसरावा आणि पाण्याचे भांडे पिलांच्या पाठीच्या उंचीवर विटेवर ठेवावे. भुशी मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल, तर ती ओली समजावी.

प्रश्न : अंड्यांची कवचे पातळ, कधी तर नुसती कातडीच असते.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि नुसत्या तांदळाच्या कणीवर ते भरून निघत नाही. आपल्या गोव्यात तिसऱ्या आणि खुबे खाल्ल्यावर उरलेले शिंपले उकिरड्यावर जातात. ते धुऊन, तव्यावर भाजून मसुरीएवढे भरडावेत आणि वेगळ्या वाटीत ठेवावेत. लागेल तेवढे कोंबडी स्वतः उचलते. दाण्यात मात्र मिसळू नयेत, कारण जादा कॅल्शियम पिलांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. तलंगीची पहिली दोन-चार अंडी अशी निघाली तर चिंता नसावी. सगळ्याच कोंबड्यांची एकदम तशी निघू लागली, तर पहिल्या उत्तरातील रोगाच्या खुणा पाहाव्यात.

प्रश्न : तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळे फोड आले आहेत. वाड्यावर म्हणतात की देवी आल्या आहेत, काही करू नये. आजारी कोंबडीचे मांस, अंडी खावीत का? आणि लस कोठून घ्यावी?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : देवीच आहेत, पण या विषाणूमुळे माणसांना देवी होत नाहीत. तो मुख्यतः डासांमार्फत पसरतो, म्हणून खुराड्याजवळच्या करवंट्या आणि डबकी आजच उपडी करावीत, जाळी लावावी. खपल्या ओरबाडू नयेत. डोळा चिकटला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसावा. दोन्ही डोळे मिटलेली कोंबडी देवींपेक्षा उपासमारीने अधिक मरते, तिला हाताने भरवावे. बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत बरे होतात. घशात पिवळट पापुद्रे दिसले, तर मात्र पशुवैद्याला दाखवावे.

आजारी कोंबडी कापून खाऊ नये. औषध चालू असताना आणि नंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस अंडीही वापरू नयेत. मेलेला पक्षी ओहोळात टाकण्याची सवय सोडून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या, आणि आसपास कावळेही मरू लागले, तर कशालाही हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे; २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आढळल्यापासून अशा मृत्यूंची तपासणी सरकारी यंत्रणेकडूनच व्हावी लागते.

लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. राणीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंबाने आणि आरटूबी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून दिली जाते. देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचतात. ती निरोगी पक्ष्यांनाच द्यायची असते. कुपी बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाड्यावरील चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून, लस बर्फात आणून, सकाळच्या थंड वेळी सर्वांच्या कोंबड्यांना एकदम टोचून घ्यावी.