हिच नवी, तरी ट्रेलर डुलतोच: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: ट्रॅव्हल ट्रेलरला वजन वाटून देणारी हिच (गाडी-ट्रेलर जोडणारा सांधा) आणि घर्षणाने डुलणं अडवणारा फ्रिक्शन बार, दोन्ही बसवले. तरी ताशी ८० किमीच्या पुढे गेलं आणि शेजारून मोठा ट्रक गेला, की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. बार आणखी आवळला तर थांबेल का?

नाही, आणि कृपया आवळू नका. फ्रिक्शन बार हेलकाव्याला अडवतो, पण हेलकावा ज्यामुळे सुरू होतो ते कारण तसंच राहतं. ते बहुतेक वेळा सामानाच्या मांडणीत असतं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार कपलरवर (ट्रेलरच्या नाकावरची खोबण, जी बॉलवर बसते), म्हणजे हिचच्या बॉलवर यायला हवा. यालाच टंग वेट म्हणतात. भरलेला ट्रेलर २,७०० किलोचा असेल, तर २७० ते ४०५ किलो. आमच्या मते १२-१३ टक्के धरून चालावं, कारण वाटेत पाणी आणि गॅस संपतो तसा हा आकडा सरकतो. १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर उलाळ होतो आणि वाऱ्याचा एक झोत त्याला डोलवायला पुरतो.

मागच्या बंपरवर सायकली टांगल्या आहेत का, ते आधी बघा. सायकली आणि स्टँड मिळून ३० किलो, ते ट्रेलरच्या आसापासून ४ मीटर मागे आणि बॉल आसाच्या ५ मीटर पुढे असेल, तर बॉलवरचा भार २४ किलोंनी हलका होतो. पाण्याची टाकी आसाच्या मागे असेल तर १०० लिटर पाणी म्हणजे चुकीच्या जागी १०० किलो. जड सामान आसाच्या जरा पुढे, जमिनीलगत ठेवा. सगळंच नाकाशी कोंबू नका, कारण मग गाडीचा मागचा आस दबतो.

टंग वेट घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं. एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक ठोकळ्यावर ठेवलेल्या लोखंडी पाइपावर आणि दुसरं काट्यावर ठेवलेल्या पाइपावर टेका. फळी सपाट हवी. कपलर उभ्या टेकूवरून फळीवर अशा जागी उतरवा, की ठोकळ्याकडचा पाइप ३० सेंमीवर आणि काट्याकडचा ६० सेंमीवर येईल. काट्याचा आकडा गुणिले ३ म्हणजे टंग वेट. चाकांना आधी उटी लावा, ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरलेला आणि समतल ठेवा. टेकू जॅकखाली नको, कपलरखालीच हवा. जॅक कपलरच्या मागे असतो, तिथे आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

प्रश्न: स्प्रिंग बारवाली, म्हणजे वजन वाटून देणारी हिच स्वतः बसवायची आहे. क्रम कसा ठेवावा? किती ताण द्यायचा हे कळत नाही.

ताण हाताच्या अंदाजाने ठरत नाही, मोजपट्टीने ठरतो. गाडी आणि ट्रेलर दोन्ही प्रवासासारखे भरा, टायरमध्ये हवा पुरेशी भरा आणि सपाट जागेवर उभे करा. हिच निवडतानाही गाडीच्या मागच्या आसामागे ठेवलेलं सामान आणि टंग वेट यांची बेरीज धरा. नुसत्या ट्रेलरच्या वजनावर बार घेतले की ते कमी ताकदीचे निघतात.

पहिलं माप: गाडी सुटी असताना पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची. समजा ९०० मिमी. मग ट्रेलर समतल करून कपलरची उंची घ्या आणि बॉल त्यापेक्षा थोडा वर बसेल अशी हिचची मान लावा. भार आला की गाडीचा मागचा भाग बसतो, त्यासाठी ही सोय. बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं, तेच घ्यायचं. २ इंची बॉल २ ५/१६ इंचाच्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून बाहेर येतो. बॉलचा नट टॉर्क पान्याने आवळा. सव्वा इंची शँकला (बॉलखालच्या आटेवाल्या दांड्याला) साधारण ४५० फूट-पाउंड लागतात, साध्या पान्याने ते होत नाही. उत्पादकाच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

आता बार न लावता ट्रेलर जोडा आणि दुसरं माप घ्या. गाडीचं नाक वर उचललं जाऊन कमान समजा ९३० मिमीवर गेली. हे ३० मिमी म्हणजे पुढच्या चाकांवरून उतरलेला भार, म्हणूनच स्टिअरिंग हलकं लागतं. आता बार लावून यातली किमान निम्मी उंची परत आणायची, म्हणजे ९१५ मिमी किंवा त्याखाली, पण ९०० च्या खाली कधीच नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलेलं असतं, काहींमध्ये अशी हिच वापरूच नका असं लिहिलेलं असतं. पुस्तिका आधी वाचा. हवेचं सस्पेन्शन असेल तर मोजताना ते कसं ठेवायचं तेही तिथेच सापडेल.

बार अडकवताना जोर लावू नका. कपलर बंद करून कुलूप लावा आणि ट्रेलरच्या जॅकने कपलर व गाडीचा मागचा भाग दोन्ही एकत्र वर उचला. मग बार सहज चढतात. न उचलता कांबीने ओढलेला बार निसटला तर हाताचं हाड मोडतं. साखळीवाल्या हिचमध्ये बार आणि ट्रेलरच्या चौकटीवरचं ब्रॅकेट यांच्यात किमान पाच कड्या ताणाखाली राहायला हव्यात. कमी राहिल्या की वळताना साखळीला झोका घ्यायला जागा उरत नाही आणि ब्रॅकेट वाकतं. दोन्ही बाजूंना कड्या सारख्या. पाच कड्या ठेवूनही नाक खाली येत नसेल, तर हिचचं डोकं वॉशर घालून मागच्या बाजूला आणखी तिरपं करा. त्याने बारची टोकं खाली जातात आणि त्याच कडीला ताण वाढतो. आम्ही कडी कमी करण्यापेक्षा हा मार्ग निवडतो.

शेवटी ट्रेलरची चौकट पुढून-मागून मोजा. समतल किंवा जराशी नाक खाली असावी. नाक वर असेल तर डुलणं आलंच. पहिल्या ८० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क करा.

प्रश्न: फ्रिक्शन बारचा छोटा बॉल ट्रेलरच्या पुढच्या चौकटीवर नेमका कुठे बसवावा?

बहुतेक संचांत हिचच्या मोठ्या बॉलच्या मध्यापासून छोट्या बॉलच्या मध्यापर्यंत २४ इंच अंतर ठेवायला सांगितलेलं असतं. हे अंतर पट्टी धरून मोजा आणि आधी खूण करा. मग बार लटकवून गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. बार आत पूर्ण जाऊन अडत नाही, बाहेर निसटत नाही आणि बंपरला लागत नाही, एवढी खात्री झाली की मगच ड्रिल. भोक चौकटीच्या बाजूच्या पृष्ठात पाडा, वरच्या-खालच्या कडेत नाही. आतून ब्रेकची वायर जात असेल तर ती आधी बाजूला घ्या.

बारवरची मूठ फक्त चालू-बंद करण्यासाठी असते, घर्षण कमी-जास्त करायला वेगळा बोल्ट असतो. मुठीला पाइप लावून आवळण्याची चूक अगदी नेहमी दिसते. बारच्या सरकणाऱ्या पट्टीला ग्रीस, तेल किंवा रंग लागू देऊ नका, तेलकट बोट नुसतं पुसलं गेलं तरी घर्षण जातं. ग्रीस बॉलला. सर्ज ब्रेकच्या (कपलर मागे दाबला गेला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या) ट्रेलरला हा बार सहसा चालत नाही, कारण तो कपलरची पुढे-मागे हालचाल अडवतो.

प्रश्न: मागे घेताना फ्रिक्शन बार काढायलाच हवा का?

हो. तीक्ष्ण कोनात मागे घेताना बार वाकतो किंवा त्याची पट्टी तुटते. निसरड्या रस्त्यावर घर्षण सैल करायला सांगितलेलं असतं, कारण गाडी वळवली तरी ताठ बार ट्रेलरला वळू देत नाही.

प्रश्न: चालत्या गाडीत डुलणं सुरू झालं तर?

पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा. डोलण्याच्या उलट वळवायला जाऊ नका, वेग वाढवू नका आणि गाडीचा ब्रेक दाबू नका. ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) मूठ हाताशी असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावा, त्याने ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. थांबल्यावर चाकं, टायरची हवा आणि सामान सरकलंय का ते बघा. सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या ओलांडून लावलेल्या आहेत आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) हिचला नाही, थेट गाडीला अडकवलेली आहे, हे मात्र निघण्यापूर्वीच बघायचं.